पुरुषांचं चक्र २४ तासांचं, बायकांचं २८ दिवसांचं: खरं किती, फुगवलेलं किती?

लंबक

सध्या एक चित्र फोनाफोनी फिरतंय. डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र. सूर्याखाली ‘पुरुष: २४ तासांचं हार्मोनचक्र’, चंद्राखाली ‘स्त्री: २८ दिवसांचं हार्मोनचक्र’. तळाशी निष्कर्ष असा की दिनक्रम पुरुषांच्या शरीराला धरून आखलेला आहे, तेव्हा बायकांनी महिन्याचे चार भाग पाडून काम, व्यायाम आणि मोठे निर्णय त्या भागांत वाटून घ्यावेत. मैत्रिणींनी इतक्यांदा पाठवलं की म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

या चित्रात धडधडीत खोटं असं फारसं नाही, हीच त्यातली गोची आहे.

आधी पुरुषांचं बघू. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. तिशी-चाळिशीच्या पुरुषात दुपारी चारची पातळी सकाळी आठच्या तुलनेत २० ते २५ टक्क्यांनी कमी भरते. सत्तरीत हाच फरक १० टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे ज्याला ‘पुरुषी चक्र’ म्हणतात ते वयाबरोबर सपाट होत जातं. आणि मुळात रोजचा चढउतार ही पुरुषांची मक्तेदारी नाही. कॉर्टिसॉल (ताणाशी निगडित हार्मोन) दोघांचंही सकाळीच चढतं. बायकांच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉनसुद्धा (हो, असतं!) सकाळी जास्त असतं. २४ तासांचं चक्र दोघांना आहे. बायकांना त्यावर आणखी एक आहे, इतकंच.

ते आणखी एक कसं चालतं, हे मला सगळ्यात रंजक वाटतं.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये जेमतेम हजार-दोन हजार पेशी अशा आहेत की त्या ठरावीक अंतराने जीएनआरएच नावाच्या हार्मोनचा छोटा झोत सोडतात. त्याने पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच सोडते. ही दोन हार्मोन्स रक्तातून पुरुषांत वृषणापर्यंत आणि बायकांत बीजकोशापर्यंत जातात. इथवर सगळं सारखं. हार्मोन्सची नावंही तीच.

पुरुषात पुढे काय होतं? वृषण टेस्टोस्टेरॉन करतं, ते वाढलं की मेंदूला ‘पुरे’ असा निरोप जातो, झोत मंदावतात, टेस्टोस्टेरॉन उतरतं, परत झोत वाढतात. गिझरचा थर्मोस्टॅट करतो तेच. तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत हाच एक नियम.

बायकांमध्येही महिन्यातले बरेच दिवस हाच नियम चालतो. पण वाढणारी बीजपुटिका (बीज जिच्यात वाढतं ती बीजकोशातली इवलीशी पिशवी) जसजशी मोठी होते तसं तिच्यातून येणारं इस्ट्रोजेन चढत जातं, आणि रक्तातली पातळी मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या वर जाऊन साधारण दोन दिवस तिथे टिकली की नियमच उलटा होतो. आतापर्यंत ‘पुरे’ म्हणणारं इस्ट्रोजेन ‘अजून’ म्हणायला लागतं. एलएचची लाट उसळते आणि लाट सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी बीज बाहेर पडतं. रिकाम्या पुटिकेतून प्रोजेस्टेरॉन येऊ लागतं, शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर जातं. गर्भ राहिला नाही तर ती पुटिका दोनेक आठवड्यांत आपसूक विरते, प्रोजेस्टेरॉन कोसळतं, पाळी येते.

तेव्हा खरा फरक २४ तास की २८ दिवस हा नाही. एकाच निरोपाचा अर्थ महिन्यातून एकदा उलटा होतो की होत नाही, हा आहे.

आता ते २८. मोबाइल अॅपमधल्या सहा लाखांहून अधिक चक्रांचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. सरासरी निघाली २९.३ दिवस. बरोबर २८ दिवसांची चक्रं १३ टक्क्यांच्या आसपास! प्रौढ स्त्रीसाठी २१ ते ३५ दिवस हे सगळं नॉर्मलच धरतात. महिन्याचे सात-सात दिवसांचे चार समान भाग पाडणारी ती सगळी रंगीत कोष्टकं कोणासाठी आहेत, देव जाणे.

---

टिटवी

मस्त लिहिलंय. पण मग पुरुषांच्या मेंदूत ते ‘उलटं’ व्हायचं बटण जन्मतःच नसतं का? मी कुठेतरी वाचलं होतं की गर्भात असतानाच पुरुषी मेंदू वेगळा घडतो वगैरे.

---

लंबक

टिटवी, तुम्ही वाचलंत ते उंदीर-घुशींबाबत अगदी खरं आहे. नवजात मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं तर मोठेपणी तिच्यात एलएचची लाट येतच नाही. उलट जन्मतः वृषण काढलेल्या नराला मोठेपणी बीजकोश बसवला तर त्यात चक्र सुरू होतं. हे १९३६ पासून माहीत आहे.

माकडांमध्ये मात्र चित्र पार बदलतं. १९७३ मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने दाखवलं की वृषण काढलेल्या नर ऱ्हीसस माकडाला पुरेसं इस्ट्रोजेन दिलं तर त्याच्याही पिट्युटरीतून एलएचची लाट येते. पुढे १९८६ मध्ये तर अशा एका नर माकडाच्या शरीरात बीजकोश बसवल्यावर तो नियमित चक्राने चालल्याची नोंद आहे.

याच नोबिल यांचा मला सर्वांत आवडणारा प्रयोग वेगळाच आहे. मादी माकडांच्या हायपोथॅलॅमसचा जीएनआरएच सोडणारा भाग निकामी करून त्यांनी बाहेरून, पंपाने, दर तासाला सहा मिनिटं जीएनआरएच दिलं. तास बदलला नाही, मात्रा बदलली नाही. तरी बीज तयार झालं, बाहेर पडलं, पाळी आली, आणि तीही साधारण २८ दिवसांच्या अंतराने. मेंदूच्या जागी एकसुरी टिकटिकणारा पंप असूनही! याचा अर्थ महिन्याचं घड्याळ मेंदूत नाहीच, ते बीजकोशात आहे. आणि तेच जीएनआरएच सलग, न थांबता दिलं तर एलएच, एफएसएच दोन्ही गप्प. सलग दिलेलं औषध ग्रंथी बंद पाडतं हा गुण पुढे प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार) आणि फार लवकर वयात येणाऱ्या मुलांमध्ये वापरला गेला, आजही वापरतात.

म्हणून ‘पुरुषी मेंदू सपाट, बायकी मेंदू चक्राकार’ असं कोणी छातीठोक सांगितलं की विचारावं, कुठल्या प्राण्याचा?

---

काडेपेटी

एवढं सगळं मान्य. पण शेवटी औषधांच्या चाचण्यांत पुरुषच का घेत होते? बायकांची हार्मोन्स वरखाली होतात, आकडे विस्कटतात म्हणूनच ना. शास्त्रज्ञच म्हणतायत, मी नाही. (पळतो आता.)

---

भिंगरी

काडेपेटी, पळू नका, बसा.

शास्त्रज्ञ ‘म्हणत होते’. मोजलं बऱ्याच उशिरा. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंधांतली उंदरांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. चक्राचा कुठला दिवस आहे हे न बघताच माद्या घेतल्या होत्या, तरी त्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विस्कटलेले निघाले नाहीत. काही बाबतींत नरच जास्त बेभरवशाचे. २०२३ मध्ये उंदरांच्या मोकळ्या हालचालींवरचा एक अभ्यास आला, त्यातही तेच: माद्यांच्या वागण्यात चक्राने पडणारा फरक किरकोळ, आणि नरानरांमधला फरक त्याहून मोठा. नरांना कळपातलं स्थान असतं, मारामाऱ्या असतात, त्याने हार्मोन्स वरखाली होतात. त्याला ‘चक्र’ असं नाव नाही, म्हणून ते कुणाच्या डोळ्यावर येत नव्हतं.

बाकी नुकसान काय झालं तेही ऐका. अमेरिकेत १९७७ च्या एका सूचनेने मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळलं. ते १९९३ मध्ये मागे घेतलं. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची बायकांसाठीची शिफारस केलेली मात्रा निम्मी झाली २०१३ मध्ये, गोळी बाजारात येऊन वीस वर्षं उलटल्यावर. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, सकाळी गाडी चालवताना अंगात शिल्लक असते. याचा पाळीशी काही संबंध नाही. पाळीच्या भीतीने बायकांना बाहेर ठेवलं आणि जे बघायला हवं होतं ते राहून गेलं.

---

काडेपेटी

बसलो. शब्द मागे.

---

निमिष

लंबकताई (ताई की दादा माहीत नाही, चूभूद्याघ्या), पुरुषांनाही महिन्याला मूडचं चक्र असतं, ‘मेल पीरियड’, असा व्हिडिओ पाहिला. त्यात ‘इरिटेबल मेल सिंड्रोम’ असा आजारच आहे म्हणून सांगत होते.

---

लंबक

ताईच.

तो शब्दप्रयोग खरा आहे. जेरल्ड लिंकन यांनी २००१ मध्ये वापरला. पण कोणासाठी? मेंढ्यांसाठी! सोए जातीच्या एडक्यांमध्ये विणीचा हंगाम संपला की टेस्टोस्टेरॉन कोसळतं आणि ते चिडचिडे, बुजरे होतात, असं ते निरीक्षण. हंगाम वर्षातून एकदा, महिन्याचा काही प्रश्नच नाही. माणसांतही टेस्टोस्टेरॉन औषधाने एकदम पाडलं तर चिडचिड, झोपमोड, घाम असं होतं, तेवढं खरं. त्यावरून निरोगी पुरुषाला दर महिन्याला ‘ते दिवस’ येतात असं म्हणायला आधार नाही.

पण पुरुषांत दिवसांच्या हिशेबाने चालणारं चक्र नाहीच, असंही समजू नका. आहे, आणि भलतंच नेटकं आहे. फक्त ते रक्तात दिसत नाही.

वृषणातल्या बारीक नळ्यांच्या भिंतीवर शुक्राणू घडतात. एका जागी थांबून बघितलं तर तिथे दर १६ दिवसांनी नव्या पेशींची एक तुकडी निघते, आणि एका तुकडीला पूर्ण शुक्राणू व्हायला अशी साडेचारच्या वर आवर्तनं, म्हणजे सुमारे ७४ दिवस लागतात. मग बाहेरच्या गुंडाळलेल्या नळीतून पुढे सरकत पक्व व्हायला आणखी आठवडा-दोन आठवडे. माणसाची तर गंमत अशी की नळीचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर एकाच छेदात शेजारीशेजारी वेगवेगळ्या टप्प्यांच्या पेशी दिसतात. इथली तुकडी नुकती सुरू झालेली, हाताच्या अंतरावर नव्हे, केसाच्या अंतरावर दुसरी निघायच्या बेतात. कोट्यवधी पेशी, प्रत्येक तुकडीची सुरुवात वेगळी. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला सगळं सपाट, अखंड.

बायकांत नेमकं उलट. दर महिन्याला बऱ्याच पुटिका वाढीला लागतात, पण एकच पुढे जाते, आणि गर्भाशयाचं अस्तर, तापमान, स्राव असं सगळं त्या एकीच्या तारखेला जुळवून घेतं. एकच बीज असल्यामुळे तारीख पाळावी लागते. मला विचाराल तर ‘पुरुषांना चक्र नाही’ यापेक्षा ‘पुरुषांची चक्रं एका तालात नाहीत’ हे जास्त बरोबर.

याचा व्यवहारातला उपयोगही आहे. मोठा ताप येऊन गेला, तर वीर्यतपासणीत त्याचा परिणाम लगेच पूर्ण दिसत नाही, पुढचे दोन-तीन महिने दिसत राहतो. डॉक्टर ‘तीन महिन्यांनी परत तपासू’ म्हणतात ते उगाच नाही.

---

टिटवी

+१. आणि होस्टेलमध्ये सगळ्यांची पाळी एकदम येते ते? आम्ही तर शपथेवर सांगायचो.

---

भिंगरी

ती गोष्ट १९७१ च्या एका निबंधापासून सुरू झाली. मार्था मॅक्लिंटॉक यांनी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या वसतिगृहातल्या १३५ मुलींचा अभ्यास केला होता. नंतर तपासणाऱ्यांना ते टिकलेलं दिसलं नाही. २००६ मध्ये चीनमधल्या १८६ मुलींच्या वर्षभराच्या नोंदी पाहिल्या, तिथेही जुळणी नाही. मुळात एकीचं चक्र २७ दिवसांचं आणि दुसरीचं ३१ चं असेल तर तारखा कधी जवळ येणार, कधी लांब जाणार. जवळ आलेल्या तेवढ्या लक्षात राहतात.

---

काचपट्टी

मी लॅबमध्ये आहे. धागा वाचून राहवलं नाही, कारण या चक्रांचा सगळ्यात जास्त गोंधळ आमच्या काउंटरवर होतो.

पुरुष टेस्टोस्टेरॉन तपासायला ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी येतात, वर भरपेट खाऊन. रिपोर्ट येतो डेसिलिटरला २८० नॅनोग्रॅम, खाली रेंज साधारण ३०० ते १०००, की घरी रडारड. संध्याकाळी आकडा कमीच येणार, आणि खाल्ल्यावर, विशेषतः साखरेने, आणखी उतरतो. नमुना सकाळी, उपाशीपोटी द्यायचा, आणि कमी आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी परत. एका आकड्यावर कुणी निदान करत असेल तर दुसरा डॉक्टर बघा. ताप असताना, रात्रभर जागून आल्यावर नमुना देऊ नका. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही आधी सांगा, काही पद्धतींत त्याने आकडे चुकीचे येतात.

बायकांच्या बाबतीत फॉर्मवर ‘पाळीचा कितवा दिवस’ हा रकाना असतो, तो निम्म्या वेळा कोरा! त्याशिवाय आकड्याला अर्थच नाही. इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) मिलिलिटरला ४० पिकोग्रॅम हे दुसऱ्या दिवशी छान, बीज सुटायच्या आदल्या दिवशी वाईट. आणि एक गंमत सांगते, रिपोर्टवरची एककं वेगळी असतात म्हणून ती लक्षात येत नाही. बायकांत टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला १५ ते ७० नॅनोग्रॅम. तेच मिलिलिटरला पिकोग्रॅममध्ये मांडा: १५० ते ७००. इस्ट्रॅडिऑल त्याच मापात पाळीच्या सुरुवातीला ३०-५०, शिखरावर २००-४००. म्हणजे महिन्यातले बहुतेक दिवस बाईच्या रक्तात तिच्या इस्ट्रोजेनपेक्षा टेस्टोस्टेरॉनच जास्त असतं. आणि पुरुषाचं इस्ट्रॅडिऑल, १० ते ४०, हे पाळी गेलेल्या बाईपेक्षा सहसा जास्त. ‘पुरुषी हार्मोन’, ‘बायकी हार्मोन’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

---

लंबक

काचपट्टी, फार मोलाची पोस्ट. त्यात एक भर. पुरुषाला इस्ट्रोजेन नुसतं ‘असतं’ असं नाही, लागतं. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची केस प्रसिद्ध झाली होती. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, पण इस्ट्रोजेन ओळखणारा रिसेप्टरच बिघडलेला. उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढ चालूच, हाडांची टोकं जुळलेली नाहीत, हाडं ठिसूळ. मुलांची उंची थांबवण्याचं आणि हाडं पक्की करण्याचं मुख्य काम इस्ट्रोजेन करतं, हे त्यावरून ठळक कळलं.

---

निमिष

मी २५ वर्षांचा. जिममध्ये ट्रेनर म्हणतोय की चक्र-बिक्र सोड, टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे, दिवसभर पातळी वरच राहील. नैसर्गिकच हार्मोन आहे, काय बिघडतं?

---

काचपट्टी

निमिष, थांब जरा. वर लंबक यांनी लिहिलेला ‘पुरे’चा निरोप परत वाच. बाहेरून घेतलंस की मेंदूला वाटतं भरपूर आहे, एलएच-एफएसएच बंद, वृषणातलं स्वतःचं उत्पादन बंद. शुक्राणू घडायला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, ते इंजेक्शनने तिथे पोचत नाही. परिणाम: शुक्राणूंची संख्या शून्यावर येऊ शकते. पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने याच्या चाचण्या घेतल्या होत्या, इतकं हे खात्रीचं आहे. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण महिने जातात, कुणाकुणाचं वर्षाच्या वर. ज्यांना खरंच कमतरता आहे त्यांच्यासाठी ते औषध आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ट्रेनरच्या नाही.

---

टिटवी

पाळीच्या आधीच्या चिडचिडीवर कुणीच काही लिहिलं नाही. ‘सगळं हार्मोन्समुळे’ हे वाक्य ऐकून कान किटले आहेत.

---

भिंगरी

कारण त्यातलं उत्तर लोकांना आवडत नाही. :-) पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या बायकांची हार्मोन्स मोजली तर पातळ्या सारख्याच निघतात. १९९८ च्या एका प्रयोगात आधी औषधाने दोन्ही गटांचे बीजकोश शांत केले. त्रास असलेल्यांपैकी बऱ्याच जणींना बरं वाटलं. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिल्यावर त्रास परत आला. न होणाऱ्या गटाला तीच हार्मोन्स दिली, काही फरक नाही. म्हणजे मेंदू त्या नॉर्मल चढउताराला कसा प्रतिसाद देतो यात फरक आहे. त्रास खरा असतो, त्यावर उपचार आहेत. आणि त्रास न होणारी बाई महिन्याच्या कुठल्याही दिवशी चिडली तर बहुधा चिडायला कारण असतं.

व्यायाम चक्राप्रमाणे लावावा का, तर २०२० मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली. पाळीच्या पहिल्या दिवसांत कामगिरी किंचित घसरते, इतकी किंचित की सरसकट सगळ्यांना वेळापत्रक देण्यासारखं काही नाही. दुखत असेल त्या दिवशी आराम करा. त्याला अॅप कशाला?

---

काडेपेटी

आता सरळ प्रश्न. पुरुषांची रजोनिवृत्ती, अँड्रोपॉज, तो खरा का?

---

लंबक

नावापुरता. बायकांत बीजपुटिकांचा साठा संपतो, साधारण ४५ ते ५५ च्या दरम्यान, आणि वर्षभर पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली म्हणतात. इस्ट्रोजेन तळाला, एफएसएच आभाळाला. पुरुषांत असा कडेलोट नाही, चाळिशीच्या आसपास सुरू होऊन वर्षाला साधारण एक टक्क्याची उतरंड. युरोपातल्या ४० ते ७९ वयाच्या पुरुषांच्या मोठ्या अभ्यासात (२०१०) लक्षणं आणि कमी टेस्टोस्टेरॉन दोन्ही जुळणारे निघाले २ टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यांच्या थकव्याला वजन, झोप, मधुमेह अशी कारणं आधी शोधावीत.

---

टिटवी

शेवटचा प्रश्न, काचपट्टींना. माझं चक्र ३५ दिवसांचं. डॉक्टरांनी बीज सुटतंय का बघायला ‘२१ व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन’ लिहून दिलंय. २१ व्या दिवशीच देऊ?

---

काचपट्टी

तो २१ वा दिवस २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे. लांबतो तो सहसा पहिला भाग, बीज सुटेपर्यंतचा. नंतरचा जवळपास तेवढाच राहतो. तुमचं बीज २१ व्या दिवसाच्या आसपास सुटत असेल, म्हणजे त्या दिवशी आकडा कमीच येईल आणि ‘बीज सुटत नाही’ असा शिक्का बसेल. पुढची पाळी जेव्हा अपेक्षित आहे त्याच्या सात दिवस आधी, म्हणजे २८ व्या दिवशी द्या. डॉक्टरांना फोन करून चक्र ३५ चं आहे हे सांगा, आणि फॉर्मवरचा तो रकाना भरा.

---

टिटवी

आत्ताच फोन केला. २८ व्या दिवशीच द्यायला सांगितलंय. धन्यवाद.